ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कापडाला हव्या त्या दिशेने वारा कसा द्यायचा

समजा ठाण्याच्या स्वागतयात्रेचा सीन करताय, तलावपाळीवरून बाईक चाललीय आणि मागे भगवा झेंडा. ग्रॅव्हिटीवर सोडलंत तर तो ओल्या टॉवेलसारखा लटकणार.

आधी झेंड्याच्या मेशला (थ्रीडी जाळीला) भरपूर सबडिव्हिजन द्या, म्हणजे तिचे बारीक तुकडे करा, स्केल अप्लाय करा, काठीकडच्या व्हर्टेक्सचा (जाळीच्या बिंदूंचा) ग्रुप करून क्लॉथ या कापडाच्या फिजिक्समध्ये पिन ग्रुपला लावा, म्हणजे ती कड जागेवर राहील. मग ॲड मेन्यूतून फोर्स फील्ड (सीनमधल्या वस्तूंवर जोर लावणारा ऑब्जेक्ट), त्यात विंड. इथेच बरेच जण अडकतात, कारण हा वारा स्वतःच्या लोकल झेड ॲक्सिसने (त्याच्याबरोबर फिरणाऱ्या उभ्या अक्षाने) वाहतो, म्हणजे नुसता टाकला की खालून वर. वाय ॲक्सिसवर ९० अंश फिरवा, बाण एक्सकडे वळेल. स्ट्रेंग्थ शंभर-दोनशेपासून वाढवत न्या, पाच-दहाने झेंडा ढिम्म हलत नाही.

आता गंमत अशी की झेंडा वाऱ्याला अगदी समांतर असेल तर जोर जवळजवळ लागतच नाही, कारण क्लॉथमध्ये वारा प्रत्येक फेसवर (जाळीच्या छोट्या पृष्ठभागावर) समोरून किती आदळतो त्यावर हिशोब होतो, म्हणून विंड थोडा तिरका ठेवा आणि नॉइज (जोरातला अनियमितपणा) वाढवा.

दोन बिल्डिंगच्या फटीतून येतो तसा झोत हवा असेल तर फॉलऑफ (जोर कुठवर पोचतो तो आकार) ट्यूब करून रेडियल मॅक्स डिस्टन्स, म्हणजे नळीची त्रिज्या, लावा. झुळूक येते-जाते दाखवायला स्ट्रेंग्थला कीफ्रेम्स (ठरावीक फ्रेमला ठरावीक आकडा) द्या, किंवा ग्राफ एडिटरमध्ये आकडा आपोआप वरखाली करणारा नॉइज मॉडिफायर लावा, मला तर हाच बरा वाटतो. बाजूच्या नऊवारीचा पदर या वाऱ्याने उडायला नको असेल तर तिच्या फील्ड वेट्समध्ये (कुठल्या फील्डचा किती परिणाम व्हावा त्या आकड्यांत) विंड शून्य करा.

आणि हो, काही बदललंत की जुना बेक (मोजून साठवलेलं सिम्युलेशन) डिलीट करून परत बेक मारा.