ऑफ-रोड गाडीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलताना काय पाहावे

नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर विकत घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: गाडी नेहमी किती वजन घेऊन चालते आणि कोणत्या रस्त्यावर चालते. गोव्यातल्या फोर बाय फोर गाड्यांच्या मालकांशी या विषयावर बोलायला लागले की पहिल्यांदा कंपनीचे नाव निघते, मग रंग, मग किंमत. वजनाचा विषय बहुधा निघतच नाही. निवडीचा क्रम नेमका उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. आधी वजन, मग रस्ता, मग मोजमाप, आणि या तिन्हींत बसणारे जे दोन-तीन पर्याय उरतील त्यांतून शेवटी कंपनी निवडावी.

गाडीचे वजन गुंडाळीची (कॉइल) स्प्रिंग किंवा पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे कमानपाटे, पेलतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बर ते पेलत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, तेव्हा तिची हालचाल आवरण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून मागच्या बाजूने बसलेली गाडी नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर घालून वर येईल, ही अपेक्षा चुकीची आहे. तिथे थकलेले पाटे किंवा स्प्रिंगच बदलावी लागते, आणि ती बदलायची असेल तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिच्या ताकदीला जुळतील असे त्याच वेळी निवडलेले बरे.

जुने खरोखरच निकामी झाले आहेत का, हे आधी पाहावे. नळीच्या वरच्या भागावर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. तेलाचे ओघळ खाली उतरलेले असतील तर मात्र सील गेलेले असते. टायरवर हात फिरवताना थोड्या-थोड्या अंतरावर खोलगट झीज लागली, तर चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उड्या मारत होते, असा संशय घ्यावा. बॉनेट दाबून गाडी किती वेळा डुलते हे पाहण्याची परीक्षा कडक पाटे असलेल्या जीपवर फारशी उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून थांबावे आणि चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्यांना क्षणभर, सावधपणे बोट लावून पाहावे. एकाच एक्सलवरची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीवरची, एक नळी चांगली तापलेली आणि दुसरी जवळजवळ थंड असेल, तर थंड असलेली काम करत नाही. नुसता खटखट आवाज येत असेल तर आधी बोल्टभोवतीचे रबरी बुश तपासावेत. पुष्कळदा दोष तेवढाच असतो आणि अगदी थोड्या खर्चात काम भागते.

आता प्रकाराकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन बांधणी मिळतात. ट्विन-ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते. पिस्टन आतल्या नळीत फिरतो आणि बाहेरच्या नळीत राखीव तेल व कमी दाबाचा वायू असतो. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी असते आणि तेलापासून तरंगत्या पिस्टनने वेगळा केलेला नायट्रोजन जास्त दाबाने भरलेला असतो. मोनोट्यूबची उष्णता बाहेरच्या हवेत लवकर जाते आणि तेलात फेस होत नाही, त्यामुळे लांबवर वेगाने दणके खाणाऱ्या गाडीला ती निर्विवाद सरस ठरते. मात्र तिच्या नळीला दगडाचा जोरदार मार बसून पोचा आला, तर पिस्टन त्याच नळीत फिरत असल्यामुळे तो अडकतो. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला तसाच पोचा आला तरी आतले काम बहुधा चालू राहते.

गोव्याच्या दृष्टीने हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कुळेहून दूधसागरच्या वाटेवर, सत्तरी आणि नेत्रावळीच्या रानवाटांवर गाडी सावकाश चालते; ओहोळातले गोटे, जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि चिखल ओलांडताना शॉकअ‍ॅब्सॉर्बर तापण्यापेक्षा त्याला मार बसण्याची आणि तो गंजण्याची शक्यता अधिक असते. अशा वापरासाठी जाड पत्र्याची, मोठ्या व्यासाच्या पिस्टनची, वायू भरलेली ट्विन-ट्यूब पुरेशी आहे, आणि ती स्वस्तही पडते. याउलट सांगे किंवा डिचोली तालुक्यातल्या खाणींच्या, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यांवर ज्यांची पिकअप रोज भरून धावते, त्यांनी मोनोट्यूबसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. तेलाची वेगळी टाकी जोडलेले महाग शॉकअ‍ॅब्सॉर्बर वाळवंटी शर्यतींच्या वेगासाठी उपयोगी असतात. आपल्याकडच्या वाटांवर त्यांचा फायदा क्वचितच मिळतो आणि त्यांचे पाइप झुडपांत अडकण्याचा धोका मात्र वाढतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ट्विन-ट्यूब उलटी किंवा फार तिरकी बसवता येत नाही, कारण मग राखीव वायू तेलाच्या झडपेपर्यंत पोहोचतो. मूळ जागा तशी असेल तर मोनोट्यूबच घ्यावी लागते.

मोजमाप हा निवडीचा गाभा आहे आणि त्यासाठी टेप, मजबूत जॅक व स्टँड एवढेच लागते. सपाट जागी, नेहमीचे वजन भरलेल्या अवस्थेत, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्यानंतर चेसिस (गाडीचा सांगाडा) उचलून स्टँडवर घ्यावी, चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि तेच अंतर पुन्हा घ्यावे. तिसरे माप चाक पूर्ण वर दबलेले असताना, म्हणजे चाकाची वर जाणारी हालचाल अडवणारा रबरी ठोकळा (बंप-स्टॉप) एक्सलला टेकून दाबला गेलेला असताना घ्यायचे असते. समजा, मागच्या एक्सलवर ही मापे अनुक्रमे 430, 530 आणि 330 मिलिमीटर आली. तर पूर्ण मिटलेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची लांबी 330 पेक्षा किमान 15 मिलिमीटरने कमी हवी, नाहीतर बंप-स्टॉपच्या आधी पिस्टनच तळाला आदळेल आणि वरचा माउंट फाटेल. कमानपाट्यांच्या गाडीत त्याची पूर्ण उघडलेली लांबी 530 पेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे लोंबकळत्या एक्सलचे वजन शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर येणार नाही. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत चाकाची खाली जाण्याची मर्यादा अनेकदा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच ठरवतो. तिथे गरजेपेक्षा लांब घेतला तर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते किंवा ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणून लोंबकळत्या अवस्थेत ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर यांना किती ढील उरली आहे, हे डोळ्यांनी पाहावे. गाडीची उंची 50 मिलिमीटरने वाढवलेली असेल तर मूळ मापाचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यात घालू नयेत.

गाडीनुसार काम सोपे किंवा अवघड होते. मारुतीच्या जिप्सीला चारही चाकांना पाटे आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर वेगळे असल्यामुळे घरच्या अंगणातही काम होते. मारुतीच्याच जिम्नीला पुढे आणि मागे अखंड एक्सल (दोन्ही चाके एकाच कडक दांड्यावर) व कॉइल स्प्रिंग आहेत. महिंद्राच्या 2020 सालापासूनच्या थारला मात्र पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होते) असून शॉकअ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगच्या आत बसतो. दाबलेली स्प्रिंग सुटून जीवघेणी इजा होऊ शकते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच ते काम करून घ्यावे आणि नंतर व्हील अलाइनमेंट करावी.

कडकपणाविषयी फार गैरसमज आहे. कडक म्हणजे मजबूत, असे समजून अनेक जण सर्वांत जड श्रेणीचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर घेतात आणि मग रिकामी गाडी प्रत्येक खडीवर बाजूला सरकते. पिस्टनच्या दाबण्याच्या आणि उघडण्याच्या हालचालींना होणारा विरोध वेगवेगळा ठरवलेला असतो. त्यांपैकी उघडतानाचा विरोध स्प्रिंगच्या ताकदीला जुळला पाहिजे. तो कमी पडला तर गाडी डुलत राहते, आणि जास्त झाला तर सलग खड्ड्यांत चाक वेळेवर खाली येत नाही व गाडी हळूहळू खाली बसत जाते. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरियर असे वजन कायमचे असेल तरच जड श्रेणी निवडावी. वर्षातून दोनदा तंबू आणि सामान लादून फिरायला जाणाऱ्याने मधली श्रेणी घ्यावी.

किनारपट्टीवरील गाड्यांसाठी पिस्टनच्या दांड्यावरचा क्रोमचा मुलामा नीट पाहावा. खाऱ्या हवेने त्यावर सुईच्या टोकाएवढे जरी खड्डे पडले, तरी प्रत्येक हालचालीला ते सील कापत जातात. दांड्यावरचे रबरी आवरण धुळीपासून रक्षण करते, पण त्यात चिखल साचून राहतो. म्हणून पावसाळ्यात ते सैल करून आतून धुवावे. पत्र्याचे अर्धे कवच मला या हवामानात अधिक सोयीचे वाटते.

गाडीची उंची वाढवण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 आधी समजून घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल त्यानुसार करता येत नाही, आणि विम्याचा दावाही अशा बदलामुळे अडचणीत येऊ शकतो. मूळ उंचीला साजेसे, पण अधिक चांगल्या प्रतीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवण्यात ही अडचण येत नाही.

खरेदी नेहमी एका एक्सलच्या जोडीने करावी, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. ट्विन-ट्यूब आडवी पडून राहिलेली असेल तर बसवण्यापूर्वी उभी धरून पाच-सहा वेळा सावकाश पूर्ण ओढावी व दाबावी. मधे पोकळ झटका लागेनासा झाला की आतली हवा निघाली, असे समजावे. रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना फक्त सैलसर लावावेत आणि गाडी जमिनीवर टेकवल्यानंतरच पूर्ण आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून काही महिन्यांत फाटते. वायू भरलेले जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर भंगारात देताना ते कापू किंवा तापवू नयेत, असे भंगारवाल्याला स्पष्ट सांगावे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पान्याने पुन्हा तपासावेत, आणि त्याच वेळी नळी कुठे टायरला, ब्रेकच्या पाइपला किंवा चेसिसला घासल्याची खूण दिसते का, हे टॉर्च लावून पाहून घ्यावे.