पंप पळवू नका : ‘रन’चा अर्थ कसा लावायचा

अनुवादाच्या कामात मी अगदी नवी होते तेव्हाची गोष्ट. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका मराठीत करायची होती. त्यात एक सूचना होती, ‘डू नॉट रन द पंप ड्राय’. मी बिनधास्त लिहिलं, ‘पंप कोरड्या जागी पळवू नका.’ तपासणाऱ्या बाईंनी त्याभोवती लाल शाईने गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, ‘पंपाला पाय आहेत का?’ सूचनेचा अर्थ साधा होता: आत पाणी नसताना पंप चालू ठेवू नका.

बाईंचा तो शेरा हीच माझी पहिली पायरी. ‘रन’ दिसला की अर्थ आठवत बसण्याआधी विचारा, इथे धावतंय कोण? माणूस किंवा जनावर असेल तर प्रश्नच नाही. यंत्र, दुकान, नाटक, योजना असं काही असेल तर ‘चालणे’ लावून बघा. घड्याळ चालतं, प्रोग्राम चालतो, नाटक वर्षभर चालतं, एखादा हट्टी स्वभाव घराण्यातच चालत आलेला असतो. इंग्रजीत जे धावतं ते आपल्याकडे चालतं! एवढं मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरीच लाल शाई वाचली असती.

पातळ पदार्थ असेल तर ‘वाहणे’. नदी, नळ, सर्दी झालेलं नाक, सगळं त्यात येतं. हा अर्थ मागाहून चिकटलेला नाही; जुन्या इंग्रजीतही होता, आणि ‘रन’चा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ तर आजही वाहण्या-ठिबकण्यासाठीच वापरतात. धुताना कापडाचा रंग ‘रन’ झाला, तर आपण म्हणतो रंग गेला. रस्ता, कुंपण, केबल असेल तर ‘जाणे’. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, म्हणजे रस्ता नदीच्या कडेने जातो. खरं तर तिथे रस्ता जागचा हलत नाही, आपली नजर तेवढी पुढे सरकते.

निवडणुकीची गंमत वेगळीच. अमेरिकन उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. त्यामुळे अमेरिकन बातमीत ‘शी इज रनिंग फॉर प्रेसिडेंट’ आलं की मी न अडखळता तिला उभी करते.

दुसरी पायरी, ‘रन’च्या पुढे कर्म आहे का ते बघणं. कर्म आलं की बहुतेकदा ‘चालणे’चं ‘चालवणे’ होतं: कंपनी चालवणे, शिबिर चालवणे. पण इथे फार विसंबू नका. ‘रन अ टेस्ट’ म्हणजे चाचणी घेणे, ‘रन अ स्टोरी’ म्हणजे वर्तमानपत्राने बातमी छापणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे, ‘रन अ बाथ’ म्हणजे अंघोळीसाठी टब भरणे. ‘रन अ टेम्परेचर’मध्ये तर कुणी काही करतच नाही, नुसता ताप असतो. अशा ठिकाणी मी ‘रन’कडे बघतच नाही. त्या नामाला मराठीत कोणतं क्रियापद शोभतं ते शोधते. चाचणी काय करतात? घेतात. संपला प्रश्न.

तिसरी पायरी शेपटाची, म्हणजे ‘रन’च्या मागे लागणाऱ्या ‘इनटू’, ‘आउट’, ‘ओव्हर’सारख्या छोट्या शब्दांची, आणि सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. ‘रन इनटू’ माणसाशी आलं तर अचानक गाठ पडते, भिंतीशी आलं तर धडक बसते, अडचणीशी आलं तर ती उभी राहते. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे, मग ती शाई असो की वेळ. मात्र ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आलं तर कुणीतरी कुणालातरी वाऱ्यावर सोडून गेलेलं असतं. ‘रन ओव्हर’ हे माझ्या मते सगळ्यात लबाड. गाडीखाली सापडणे, भांडं भरून वाहणे, बैठक ठरल्यापेक्षा लांबणे, टिपणांवरून नजर फिरवणे, सगळं त्याच दोन शब्दांत. तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं: कोण? बैठक गाडीखाली सापडत नाही.

तरीही अडलं तर शब्दकोश आहेच, पण पहिला अर्थ उचलून पळू नका. मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. 2011मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली आणि एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. ते पाठ करायला कुणी सांगितलेलं नाही. मी कोशात आधी उदाहरणांची वाक्यं वाचते, माझ्या वाक्यासारखं वाक्य सापडलं की मगच त्याच्यावरची व्याख्या. वहीत उतरवतानाही ‘रन = …’ असं कधी लिहीत नाही, अख्खं वाक्य लिहिते.

645 ऐकून घाम फुटला असेल तर आपल्या ‘लागणे’कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, दिवे लागतात, आणि पुस्तक वाचता वाचता डोळाही लागतो. यातला कुठलाच अर्थ आपण यादीतून शिकलो नाही. काय लागलं ते ऐकलं की कसं लागलं ते कळतं.

आता हे करून बघा: ‘द टॅप वॉज रनिंग, द बाथ रॅन ओव्हर, अँड वी रॅन आउट ऑफ हॉट वॉटर.’ माझं उत्तर असं: नळ सुरूच राहिला, टब भरून वाहिला आणि गरम पाणी संपलं. तिन्ही ठिकाणी क्रियापद वेगळं, आणि पळालं कुणीच नाही.