बायोमेडिकल अभियांत्रिकी: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत या चुका टाळा

बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दोन प्रकारचे विद्यार्थी हमखास भेटतात. नीटमध्ये पुरेसे गुण न मिळाल्यामुळे ‘निदान रुग्णालयाच्या आसपास तरी राहू’ म्हणून आलेले एक, आणि कॅप फेरीत संगणक शाखा हुकल्यामुळे नाइलाजाने आलेले दुसरे. पहिल्यांनी हे आधीच समजून घ्यायला हवे की ही पदवी अभियंत्याची आहे. रुग्ण तपासण्याचा किंवा औषध देण्याचा कोणताही अधिकार तिच्यातून मिळत नाही. दुसऱ्यांची चूक जरा उशिरा उघडी पडते. शरीरक्रियाशास्त्राचा पेपर पाठांतरावर काढून ते सर्किट आणि कोडिंग यांतच रमतात, तर पहिले नेमके उलट करतात, म्हणजे हृदयाची रचना आवडीने वाचतात आणि गणित, सिग्नल प्रोसेसिंग पुढे ढकलत राहतात. या शाखेचे खरे काम यंत्र आणि रुग्ण यांच्या सांध्यावर चालते, त्यामुळे दोघांचेही अडते ते तिथेच.

ईसीजीचेच, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाचेच पाहा. त्वचेवर मिळणारा हा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा असतो आणि आपल्याकडच्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झची गुणगुण त्याच्यावर सहज स्वार होते. आलेख जाड, केसाळ दिसू लागला की नवशिका विद्यार्थी आधी फिल्टर लावतो. आलेख सुबक होतो, पण दोष जागेवरच राहतो. त्यापेक्षा कोणत्या लीड, म्हणजे शरीरावरच्या दोन जागांमधला विद्युत फरक दाखवणाऱ्या आलेखरेषा, बिघडल्या आहेत ते आधी पाहावे. पहिली लीड दोन्ही हातांमधली, दुसरी उजवा हात व डावा पाय यांमधली आणि तिसरी डावा हात व डावा पाय यांमधली असते. म्हणून पहिली स्वच्छ आणि दुसरी-तिसरी खराब असेल, तर संशय डाव्या पायाच्या इलेक्ट्रोडवर (त्वचेवर चिकटवलेल्या संवेदकावर) जातो, आणि पहिली-दुसरी खराब असेल तर उजव्या हातावर. सगळ्याच लीड खराब असतील, तर उजव्या पायाचा संदर्भ इलेक्ट्रोड, रुग्णाची केबल आणि अर्थिंग तपासावे. बऱ्याचदा जेल वाळलेले असते किंवा चिकटपट्टी केसांवर बसलेली असते, आणि यंत्र उघडण्याची वेळच येत नाही. फिल्टरचा आणखी एक धोका असा की निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्‌झचा पट्टा लागतो, तर मॉनिटरवर बहुधा ०.५ ते ४० हर्ट्‌झचाच ठेवतात. खालची मर्यादा वर सरकली की एसटी भागाचा, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतर येणाऱ्या तुकड्याचा, आकार बदलू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याची शंका असताना डॉक्टर नेमका तोच भाग पाहत असतात. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याने इन्स्ट्रुमेंटेशन आणि शरीरक्रियाशास्त्र हे दोन्ही विषय एका बैठकीत शिकले असे म्हणायला हरकत नाही.

विद्युत सुरक्षेकडे विद्यार्थी याहूनही कमी लक्ष देतात. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या, म्हणजे सीएफ प्रकारच्या भागांसाठी आयईसी ६०६०१ या मानकात सामान्य स्थितीतील रुग्ण गळती प्रवाहाची (यंत्रातून रुग्णाच्या शरीरात झिरपणाऱ्या विजेची) मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे. हाताला न जाणवणारा प्रवाहही इथे घातक ठरू शकतो, म्हणून ‘हात लावून पाहिला, शॉक बसत नाही’ ही तपासणी होऊच शकत नाही.

इंटर्नशिप केवळ प्रमाणपत्रासाठी करणे ही सर्रास होणारी चूक आहे. रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात महिनाभर नुसते बसून राहिल्याने काही हाती लागत नाही. ब्रेकडाउन कॉल कसा नोंदवतात, प्रतिबंधक देखभालीचे वेळापत्रक कसे आखतात, कॅलिब्रेशनचा (यंत्राचे माप प्रमाणाशी ताडून पाहिल्याचा) दाखला कसा वाचायचा, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सहसा सुटे भाग येत नाहीत आणि सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करारात) करारानुसार येतात यामुळे खरेदीचा हिशेब कसा फिरतो, हे सारे तिथेच कळते. इन्फ्यूजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र) ‘ऑक्लूजन’चा, म्हणजे प्रवाह अडल्याचा अलार्म देत असल्याची तक्रार आयसीयूतून आली, तर पंप उचलून आणण्याआधी नळीचा क्लॅम्प बंद राहिला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, हे सिस्टरसोबत खाटेजवळ उभे राहून पाहावे. लॉगबुकात ‘यंत्र ठीक आहे’ एवढेच लिहिणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कॉल येतो. ‘युजर एरर’ हा शेराही फार उदारपणे मारला जातो. एकच चूक तीन सिस्टरांच्या हातून होत असेल, तर दोष प्रशिक्षणात किंवा यंत्राच्या रचनेत शोधावा.

नियमांचा अभ्यास ‘नोकरी लागल्यावर करू’ म्हणून टाळू नये. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले असून त्यांत जोखमीनुसार उपकरणांचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एखादे उपकरण बनवताना ते कोणत्या वर्गात पडेल आणि त्याच्या जोखमीचे विश्लेषण आयएसओ १४९७१ या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे कसे मांडता येईल, हे चार पानांत लिहिले तरी मुलाखतीत तो प्रकल्प इतरांपेक्षा वेगळा दिसतो. गुणवत्ता आणि नियामक विभागांत शिरण्याचा हा सरळ मार्ग आहे, पण कॅम्पसमध्ये त्याची चर्चा फारशी होत नाही.

पहिली नोकरी निवडताना नुसता पगाराचा आकडा पाहू नये. रुग्णालयातील नोकरीत सुरुवातीचा पगार बेताचा असू शकतो, मात्र व्हेंटिलेटरपासून ऑटोक्लेव्हपर्यंत बरेच काही हाताखालून जाते. कंपनीच्या सर्व्हिस विभागात प्रवास खूप आणि एकाच प्रकारच्या यंत्रात खोल शिरण्याची संधी असते. बाँडवर सही करण्याआधी मुदत, नोकरी सोडल्यास भरायची रक्कम आणि प्रशिक्षण नेमके कोणत्या यंत्रावर मिळणार, हे लेखी घ्यावे. संशोधनाकडे जायचे असेल, तर २०२० पासून गेटमध्ये (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत) बायोमेडिकल अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. त्याची तयारी तिसऱ्या वर्षातच सुरू करावी, कारण सर्व्हिसची नोकरी लागल्यावर रात्रीचे कॉल येऊ लागतात आणि अभ्यासाला सलग वेळ मिळणे कठीण होते.