लेखकांचे नंबर फोनमध्ये, ई-मेल कॉम्प्युटरवर: दोन्ही एकत्र कसे आणायचे

आमचा दिवाळी अंक कोल्हापुरातून निघतो. संपादन सर बघतात आणि उरलेलं सगळं माझ्याकडे: लेखकांना आठवण करणं, मुद्रितं (छपाईआधी तपासायच्या प्रती) पाठवणं, जाहिरातदारांच्या मागे लागणं, मानार्थ प्रती पोस्टात टाकणं. लेखकाचा ई-मेल माझ्या कॉम्प्युटरवर, मोबाइल नंबर सरांच्या फोनमध्ये आणि घरचा पत्ता गेल्या वर्षीच्या वहीत असेल, तर गणपतीनंतरच्या घाईत काही म्हणता काही सापडत नाही. हे तिन्ही एका जागी कसं आणायचं ते सांगते. जीमेल आणि अँड्रॉइड फोन धरून चाललेय, आयफोनचं पुढे येईल. फोनची भाषा बहुतेकांची इंग्रजीच असते, म्हणून बटणांची नावंही तशीच ठेवलीत. फोनच्या कंपनीप्रमाणे ती थोडी इकडेतिकडे होतात.

सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी नंबर नेमका कुठे साठवलेला आहे ते बघा. फोनमध्ये कॉन्टॅक्ट उघडले की एकच लांबलचक यादी दिसते, पण ती तीन-चार ठिकाणांहून गोळा झालेली असते. काही नावं सिम कार्डात, काही फोनच्या मेमरीत, काही गुगल अकाउंटमध्ये. कॉम्प्युटरवर दिसतात ती फक्त अकाउंटमधली. ‘सिंक होत नाही’ (म्हणजे फोन आणि अकाउंट यांतली यादी आपोआप सारखी होत नाही) म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक फोनमध्ये सिंक व्यवस्थित चालू असतं, नंबर मात्र सिममध्ये पडलेला असतो. सिममध्ये एक तर जागा कमी, त्यात जेमतेम नाव आणि नंबर मावतो, आणि नाव देवनागरीत असेल तर ते आणखी लवकर कापलं जातं. पत्ता, पिनकोड वगैरे विसराच.

आता अकाउंट ठरवा. अंकाच्या कामाला वेगळं जीमेल असेल तर कामाचे कॉन्टॅक्ट त्यातच ठेवा. आमच्याकडे तसंच आहे: तेच अकाउंट सरांच्या फोनवर, तेच माझ्या फोनवर आणि तेच कॉम्प्युटरवर. सरांचं घरचं अकाउंट वेगळं, त्यामुळे त्यांचे नातेवाईक आणि डॉक्टर माझ्या यादीत येत नाहीत.

काहीही हलवण्याआधी एक प्रत काढून ठेवा. फोनच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्ये ‘ऑर्गनाइझ’ (जुन्या फोनमध्ये ‘फिक्स अँड मॅनेज’) आणि तिथे ‘एक्सपोर्ट टू फाइल’. व्ही-कार्डची (कॉन्टॅक्ट साठवायचा एक फाइल-प्रकार) एक फाइल तयार होते, ती स्वतःलाच मेल करा. काही फोन ही फाइल जुन्या पद्धतीने लिहितात. नोटपॅडमध्ये उघडली तर देवनागरी नावांच्या जागी बरोबरची (=) चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची माळच दिसते. घाबरू नका, नावं शाबूत आहेत, गुगलला ती वाचता येतात.

मग सिममधली नावं अकाउंटमध्ये आणा: त्याच ‘ऑर्गनाइझ’मध्ये ‘इम्पोर्ट फ्रॉम सिम’ आहे. कोणत्या अकाउंटमध्ये ठेवू असं फोन विचारेल, तिथे घाईने ‘ओके’ दाबू नका, अंकाचं अकाउंट निवडा. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘मॅनेज कॉन्टॅक्ट्स’खाली ‘मूव्ह कॉन्टॅक्ट्स’ असतं, त्यातून फोनमधले नंबर गुगलकडे पाठवता येतात. इतर फोनमध्ये सेटिंग्ज, गुगल, मग ‘कॉन्टॅक्ट्स सिंक’ असं गेलात की ‘ऑल्सो सिंक डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स’ सापडेल. हे दुसरं बटण फोनमधलं सगळंच उचलतं. त्यात दूधवाला, गॅसवाला, कोण कोण असेल ते आधी बघून घ्या. सरांच्या फोनवर मी ते लावलं नाही, लेखकांचे तेवढेच हलवले.

सिंक चालू आहे का हे बघायला सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अंकाचं जीमेल, त्यात ‘अकाउंट सिंक’, आणि ‘कॉन्टॅक्ट्स’समोरचं बटण. बॅटरी वाचवायची म्हणून कुणीतरी ‘ऑटोमॅटिकली सिंक ॲप डेटा’ बंद केलेलं असतं, तेही तपासा. आणि पुढचे नवे नंबर आपोआप योग्य जागी जावेत म्हणून कॉन्टॅक्ट ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट अकाउंट फॉर न्यू कॉन्टॅक्ट्स’ला अंकाचं अकाउंट द्या. हे राहिलं तर चार महिन्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

व्हॉट्सॲपकडेही लक्ष असू द्या. हल्ली नवा नंबर व्हॉट्सॲपमधूनच सेव्ह करायची सवय झालीय. तिथे ‘सिंक कॉन्टॅक्ट टू फोन’ असं एक बटण असतं. ते बंद असेल तर नंबर व्हॉट्सॲपपुरताच राहतो, फोनच्या यादीत येत नाही, मग कॉम्प्युटरवर कुठून येणार?

आयफोन असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, कॉन्टॅक्ट्स, कॉन्टॅक्ट्स अकाउंट्स, ॲड अकाउंट, गुगल. आयओएस १८च्या आधीच्या फोनमध्ये ‘ॲप्स’ ही पायरी नाही. साइन-इन झालं की कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू करा आणि ‘डीफॉल्ट अकाउंट’ला जीमेल निवडा, नाहीतर नवी नावं आयक्लाउडमध्ये (ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात) जात राहतील. आधीपासून आयक्लाउडमध्ये असलेली नावं आयक्लाउडच्या वेबसाइटवरून व्ही-कार्ड म्हणून काढून गुगलमध्ये इम्पोर्ट करावी लागतात.

आता कॉम्प्युटर. ब्राउझरमध्येच मेल बघत असाल तर काम झालंच. जीमेलमध्ये वर उजवीकडे नऊ ठिपक्यांचा चौकोन आहे, त्यातून ‘कॉन्टॅक्ट्स’ उघडा, फोनमधली नावं तिथे आलेली दिसतील. मी मात्र थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम वापरते. लेखकांचे जुने मेल आणि मुद्रितांच्या फाइली कॉम्प्युटरवरच असलेल्या मला बऱ्या वाटतात. इथे पुष्कळ जण गोंधळतात: थंडरबर्डमध्ये जीमेल जोडलं, मेल आले, मग कॉन्टॅक्ट का नाही आले? कारण मेल ज्या वाटेने येतात, म्हणजे आयमॅप, ती फक्त मेलची आहे. कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह नावाची वेगळी वाट लागते. जुन्या आउटलुकमध्ये आयमॅपने जीमेल जोडलं तरी हेच होतं.

थंडरबर्डमध्ये ही सोय २०२१ सालच्या ९१व्या आवृत्तीपासून आतच आहे, त्याआधी वेगळं ॲड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागायचं. ॲड्रेस बुक उघडा, नवीन ॲड्रेस बुकच्या यादीतून ‘ॲड कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक’ निवडा, युजरनेमच्या जागी पूर्ण जीमेल पत्ता लिहा आणि ‘कंटिन्यू’. गुगलची साइन-इनची खिडकी येईल, परवानगी द्या, मग दिसलेल्या ॲड्रेस बुकवर खूण करा. ठरावीक वेळाने ते आपोआप ताजं होतं. तेवढी वाट बघवत नसेल तर त्याच्या नावावर राइट-क्लिक करून ‘सिंक्रोनाइझ’ दाबा.

थंडरबर्डमध्ये ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ म्हणून एक खण असतो. तुम्ही ज्यांना मेल पाठवता त्यांचे पत्ते त्यात आपोआप जमतात. जीमेलमध्ये त्याचाच भाऊ म्हणजे ‘अदर कॉन्टॅक्ट्स’. या दोन्हींतलं फोनच्या नेहमीच्या यादीत येत नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे. एकदाच मेल केलेला कुरिअरवाला आणि कुठल्या तरी कार्यालयाचा तक्रार विभाग फोनमध्ये कशाला हवा? जो लेखक पुन्हा लागणार, तेवढाच ओढून गुगलच्या ॲड्रेस बुकात टाका.

वहीतले पत्ते एक्सेलमध्ये टाइप करून सीएसव्ही फाइलने (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) गुगलमध्ये चढवायचा मोह होईल. जरूर करा, पण जपून. एक्सेल देवनागरी सीएसव्ही थेट उघडलं की बरेचदा अक्षरांचा चुराडा दाखवतं. कोल्हापूरचा लँडलाइन कोड ०२३१ त्याच्या हातात पडला की सुरुवातीचं शून्य गायब. आणि ९१ लावून लिहिलेला बारा आकडी मोबाइल नंबर ९.१९ई+११ असा काहीतरी होऊन बसतो. तसंच सेव्ह केलंत तर मूळ नंबर परत मिळत नाही. यावर मी गुगल शीट वापरते, नंबरचा रकाना आधी ‘प्लेन टेक्स्ट’ करते, मग नंबर लिहिते आणि तिथूनच सीएसव्ही काढते. मथळ्याची ओळ स्वतःच्या मनाने लिहू नका. गुगल कॉन्टॅक्ट्समधून एक नाव ‘गुगल सीएसव्ही’ म्हणून एक्सपोर्ट करा आणि त्यातलेच मथळे ठेवा.

नंबर लिहिताना अधिक चिन्ह, ९१ आणि पुढे दहा आकडे, ही एकच पद्धत धरा. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं, म्हणून सरांना प्रत्येक नंबराआधी शून्य लिहायची सवय लागलीय. अमेरिकेतून लिहिणाऱ्या आमच्या लेखिकेने तो नंबर जसाच्या तसा लावला तर लागणार नाही, अधिक ९१वाला कुठल्याही मोबाइलवरून लागतो.

एवढं झाल्यावर दुबार नावं दिसतीलच. गुगल कॉन्टॅक्ट्समधलं ‘मर्ज अँड फिक्स’ जी नावं जोडायला सुचवतं ती एकेक बघून मान्य करा, ‘मर्ज ऑल’ दाबू नका. एकाच घरातले दोघं लिहितात आणि दोघांनी एकच लँडलाइन दिलेली असते, त्यांची एक व्यक्ती होऊन बसायची.

आणि हे घरात, ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा: सिंक दोन्हीकडून चालतं. सरांनी ‘हे कोण बुवा?’ म्हणून फोनमधून नाव काढलं की ते माझ्या कॉम्प्युटरवरूनही जातं. काढलेलं नाव गुगलच्या ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस राहतं. मोठाच घोळ झाला असेल तर कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमधून ‘अनडू चेंजेस’ करून ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला अख्खी यादी मागे नेता येते. त्यापलीकडचं काही परत येत नाही, म्हणून अंक छपाईला गेला की मी सगळे कॉन्टॅक्ट व्ही-कार्ड आणि सीएसव्ही अशा दोन्ही रूपांत काढून पेन ड्राइव्हवर टाकते.

यादी नीट झाली की ‘लेबल’ लावून घ्या. कथा, कविता, लेख, व्यंगचित्र, जाहिरात, मानार्थ प्रत. जीमेलमध्ये मेल लिहिताना पत्त्याच्या जागी ‘कविता’ टाइप केलं की सगळे कवी एकदम येतात. ते ‘बीसीसी’मध्येच घ्या, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दाखवायची गरज नाही. माझ्या थंडरबर्डमध्ये ही लेबलं येत नाहीत, त्यामुळे सामूहिक मेल मी ब्राउझरमधूनच पाठवते.