साठीनंतरची लांब सुट्टी संपली, आता गाडी रुळावर कशी आणायची?

मुलीकडे न्यू जर्सीला पाच महिने राहून आम्ही दोघं सप्टेंबरच्या शेवटी दादरला परतलो. बॅगा उघडायच्या आधी मी वजनकाट्यावर उभी राहिले आणि लगेच उतरले. चार किलो! तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी, नातवाने अर्धा टाकलेला पिझ्झा संपवायला आजी, आणि रात्री बारापर्यंत मालिका. दुसरं काय होणार? तिसऱ्याच दिवशी जिद्दीने उठून शिवाजी पार्कला पूर्वीसारख्या तीन फेऱ्या मारल्या, म्हणजे साडेतीन किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिन्याचा कठडा सोडवेना. मग आठवडाभर पार्काकडे फिरकले नाही. त्यानंतर जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. माझं वय ७१. बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, ह्यांना बीपीबरोबर मधुमेहही आहे. तुमचं दुखणं वेगळं असेल तर डॉक्टरांना विचारून फेरफार करा.

१. आधी घराचं वेळापत्रक बघा

ही पायरी कुणी सांगत नाही, पण आमचं सगळं इथेच अडलं होतं. जाण्यापूर्वी सकाळी सव्वासहाला दूधवाल्याची बेल, सातला कामवाल्या बाई, साडेसातला नाश्ता, त्यावर गोळ्या, असा आमचा दिवस आपोआप चालायचा. परत आलो तर दूध बंद केलेलं, आणि बाईंनी सातची वेळ तिसऱ्या मजल्यावर देऊन टाकलेली. त्यांचंही बरोबरच, पाच महिने त्या आमच्यासाठी थांबणार थोड्याच? आता त्या साडेनऊला येणार. मग नाश्ता दहाला, गोळ्या दहाला, जेवण अडीचला, दुपारची झोप साडेपाचपर्यंत, आणि रात्री एक वाजता दोघंही छताकडे बघत पडलेले. आठवडाभर मी स्वतःला आळशी म्हणत होते.

कागद घ्या. उठणं, नाश्ता, गोळ्या, जेवण, फिरणं, झोप हे पूर्वी किती वाजता व्हायचं ते लिहा. समोर लिहा, ते कुणामुळे व्हायचं: दूधवाला, बाई, कट्ट्यावरची मंडळी, सोसायटीच्या पाण्याची वेळ. त्यातलं काय बदललंय ते शोधा आणि तेवढ्यालाच पर्याय काढा. आम्ही नाश्ता आमच्या हातात घेतला. रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी त्याचं घावन, कंटाळा असेल तेव्हा उकडलेली अंडी. आठच्या आत नाश्ता आटोपला की पुढचा निम्मा दिवस आपसूक जागेवर येतो.

२. झोपेला आठवडा-दीड आठवडा द्या

न्यू जर्सी आणि मुंबई यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, आणि पूर्वेकडे येताना जास्त कुरकुरतं. म्हणून पहिल्या आठवड्यात झोपेशी भांडू नका. उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दिवसा खिडकीशी, गॅलरीत, उजेडात बसा. दुपारी तीनच्या आत आणि गजर लावून अर्धा तास, याहून जास्त झोपू नका. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. या वयात ती रात्री बाथरूमला जाताना तोल घालवते.

नुसतं गावाला किंवा कोकणात जाऊन आला असाल तर ही पायरी सोडून द्या.

३. गोळ्या आणि मोजमाप

सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता. तिथून आणलेल्या, इथे उरलेल्या, मुदत संपलेल्या. आमच्याकडे एकच बीपीची गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली, आणि हे चार दिवस दोन्ही घेत होते! आता चिठ्ठीशी ताडून आठवड्याच्या डबीत भरतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियमची तिच्यानंतर किमान चार तासांनी, हा नियम सुट्टीत हमखास मोडतो.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा आणि फिरणं नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. गप्प बसणं हा आमच्या घरातला अवघड भाग.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आल्यावर लगेच करून टाका. ती सुट्टीचा हिशेब दाखवेल, त्याने खचू नका. दोन आठवडे पथ्य पाळून पुन्हा कराल तर तोच पिझ्झा पुन्हा दिसेल. दुसरी तपासणी तीन महिन्यांनीच. आणि खाणं कमी, चालणं जास्त असं एकदम केलंत तर चालू गोळ्यांनी साखर खाली उतरू शकते. घाम, थरथर, डोकं हलकं होणं ही त्याची खूण. खिशात खडीसाखर ठेवा.

लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा छातीत दुखलं, दम लागला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

४. चालणं: जाण्यापूर्वीच्या निम्म्याने

मी तीन फेऱ्या मारायचे, म्हणून निम्म्याने म्हणजे दीड फेरी. तीही पहिल्या आठवड्यात मध्ये कट्ट्यावर टेकून. पुढच्या आठवड्यांत पाच-पाच मिनिटं वाढवली. वेग कसा ओळखायचा? बरोबरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढा. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो आला. डॉक्टरांनी ठरवलेला तो आकडा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून चालतो: सकाळी पार्क, संध्याकाळी मंडई, रात्री गच्ची.

ऑक्टोबरात मुंबई परत तापते. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून निघायच्या आधीच पेलाभर पाणी प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थात ते प्रमाण पाळा. आठनंतर ऊन चटका देतं, तेव्हा घरातच येरझाऱ्या घाला.

५. खुर्चीवरून उठून बघा

सुट्टीत वजन वाढतं ते दिसतं. मांड्यांची ताकद जाते ते दिसत नाही. लोकलमध्ये बसल्यावर उठताना समोरचा दांडा धरावा लागला की समजतं. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा, शेजारी कुणाला तरी उभं करून. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बायकांना दहाच्या खाली आणि पुरुषांना बाराच्या खाली उठबस जमली तर पाय कमजोर झालेत, पडायची भीती आहे, असं समजतात. माझ्या आठ झाल्या.

तेव्हापासून दिवसाआड दहा-दहाचे दोन फेर. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन, मग हळूहळू सोडून. ओट्याला हात लावून टाचा उचलणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. आणि तोलासाठी, एक पाऊल दुसऱ्याच्या बरोबर पुढे ठेवून दहा आकडे मोजायचे, ओट्यापाशीच, आठवड्यातून तीनदा तरी. चालण्यासाठी वेळ नाहीच असं एखाद्या दिवशी झालं तरी हे सोडू नका. माझ्या मते या वयात चालण्याहून हेच महत्त्वाचं.

६. ताट

उपाशी राहून चार किलो उतरवायला गेलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतील. म्हणून भात आणि गोड कमी करा, वरण कमी करू नका. दोन्ही जेवणांत काहीतरी घट्ट हवं: मटकीची उसळ, दाट वरण, दही, पनीर, अंडं, मासळी खाणाऱ्यांना ताजे बोंबील किंवा बांगडा. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारून.

मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. परदेशातून आल्यावर लोणचं, पापड, फरसाण यांवर माणूस तुटून पडतो, आणि पाय सुजले की विमानाला दोष देतो.

७. मंडळींना निरोप

आल्याची बातमी कट्ट्यावर द्या. माझा फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सहा पस्तीसला मैत्रिणीने खालून हाक मारली, आणि चौथ्या मजल्यावरून ‘आज नको’ ओरडायची माझी हिंमत झाली नाही. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात, हास्यक्लबात जात असाल तर तिथेही कळवा. हास्यक्लब म्हणजे मुंबईचंच अपत्य, १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवालात डॉ. मदन कटारियांनी सुरू केलेलं.

परतल्यावर महिन्याभरात नवरात्र, कोजागिरी, दिवाळी रांगेने उभी असतात. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा खिचडीवर काढू नका, वरीचे तांदूळ, दही, भाजलेले शेंगदाणे, भोपळ्याची भाजी आळीपाळीने घ्या. मधुमेह्याने उपास करावा का, हे ह्यांच्या डॉक्टरांनी ‘नको’ या एका शब्दात संपवलं.

दिवाळीला फराळ करते, पण निम्म्या प्रमाणात, आणि वाटीत काढून चहाबरोबर सकाळीच. यंदा ह्यांनी सुचवलं, चकलीचा डबा माळ्यावर ठेवू, म्हणजे हात जाणार नाही. मी साफ नाही म्हटलं. ह्यांना मी ओळखते. दुपारची डुलकी लागायच्या आधी स्टूल ओढायचा आवाज आला असता. डबा खालीच आहे, ओट्याशेजारी, जिथे मी टाचा उचलते.