गुडघे दुखतात? आधी सीटची उंची बघा

सायकलवरून रत्नागिरीचा भाट्ये पूल ओलांडून पावस गावाच्या दिशेने चढ लागला की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते? बऱ्याचदा सीट खाली असते. दुकानातून आणली तशीच सायकल आपण वर्षभर चालवतो.

१. घरात घालायच्या सपाट चपला नकोत, सायकल चालवताना घालता तेच बूट घाला. भिंतीला हात टेकून सीटवर बसा.
२. एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये.
३. आता चवडा पेडलवर ठेवा. गुडघा किंचित वाकलेला राहिला की उंची जमली.

मग पाच-पाच मिलिमीटरनेच फरक करा, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस चालवून बघा. जमलेल्या उंचीवर सीटच्या दांड्याला चिकटपट्टी लावा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हा दांडा फ्रेममध्ये गच्च बसतो, मग हलता हलत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर तो काढून, पुसून ग्रीस लावा (कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते).

दांड्यावरची कमाल उंचीची खूण मात्र कधीही फ्रेमबाहेर दिसू देऊ नका. तेवढी उंची लागत असेल तर ती फ्रेम तुमच्या मापाची नाही.