टोपली आली की आधी खा

डिमसम, म्हणजे चहाबरोबर टोपल्यांतून येणारे छोटे छोटे चिनी पदार्थ, खायला दोघांनीच जाऊ नका. चौघं हवीत, सहा जमली तर फारच छान. बांबूच्या एका टोपलीत तीन किंवा चार नग येतात. दोघंच असलात तर तीन-चार टोपल्यांत पोट भरतं आणि निम्मे पदार्थ चाखायचे राहून जातात. हाँगकाँगमध्ये रविवारी आजी-आजोबा, मुलं, सुना, नातवंडं असं अख्खं घर एका गोल टेबलाभोवती बसलेलं दिसतं ते यासाठीच. या जेवणाला इथे ‘याम चा’ म्हणतात. मी ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडून शिकले आणि आता पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शिकवते.

रविवारी साडेदहापर्यंत पोहोचा. साडेअकरानंतर मोठ्या हॉटेलांत नंबराची चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभं राहावं लागतं. दोननंतर बऱ्याच ठिकाणी टोपल्या स्वस्त होतात, पण तोवर चांगले पदार्थ संपलेले असू शकतात. ढकलगाडीवरून टोपल्या फिरवण्याची जुनी पद्धत बघायची असेल तर सेंट्रल भागातल्या सिटी हॉलमधलं मॅक्झिम्स पॅलेस गाठा. जुन्या लाकडी थाटाचं चहाघर बघायचं असेल तर स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू, १९३३ साली सुरू झालेलं. बाकी बहुतेक ठिकाणी आता कागदावर खुणा करून ऑर्डर द्यावी लागते.

बसल्या बसल्या वेटर दोन गोष्टी विचारतो: माणसं किती आणि चहा कुठला. माणशी चहाचे पैसे लागतातच, तेव्हा चहा विचार करून निवडा. पो लेइ हा आंबवलेला, काळसर, मातकट वासाचा चहा. तेलकट पदार्थांबरोबर तो सगळ्यात छान लागतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मी हेंग पिन, म्हणजे मोगऱ्याच्या वासाचा चहा मागवते, कारण पो लेइ पहिल्या घोटात सगळ्यांना आवडत नाही. आजी मात्र सौ मेइ हा पांढरा चहा सोडून दुसरं काही घेत नाहीत. दूध-साखर मागू नका. दोन किटल्या येतात, एकीत चहा आणि दुसरीत नुसतं गरम पाणी, चहा फार कडक झाला की घालायला.

पहिला चहा प्यायचा नाही. त्याने कप, वाट्या, चमचे, चॉपस्टिक विसळायच्या आणि ते पाणी टेबलावरच्या मोठ्या वाडग्यात ओतायचं. नंतर चहा ओतताना आधी वडीलधाऱ्यांच्या कपात, मग इतरांच्या, स्वतःच्या कपात सगळ्यात शेवटी. कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, म्हणजे बोलणं न थांबवता आभार पोहोचतात. चीनचा छ्येनलोंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने आपल्या सेवकांना चहा ओतला, आणि गुपित फुटू नये म्हणून त्यांनी साष्टांग नमस्काराऐवजी बोटं टेकवली, अशी या रिवाजाची आख्यायिका आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवा, वेटर न बोलावता येऊन पाणी भरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागदावर एकदम वीस खुणा करू नका. सगळं एकत्र येतं, टेबलावर चवड लागते आणि शेवटच्या टोपल्या गार खाव्या लागतात. चौघांना आठ ते दहा टोपल्या पुरतात, त्या तीन फेऱ्यांत मागवा. हल्ली कागद एकदाच नेतात अशी ठिकाणं आहेत. तिथे दुसरा कागद मागून घ्या, देतात.

पहिल्या फेरीत हार गाऊ हवाच. आत कोलंबी, बाहेर गव्हाच्या सत्त्वाची पारी. आपण मोदकाची उकड काढतो तसं या पिठावरही उकळतं पाणी ओततात, म्हणून ते वाफवल्यावर इतकं नितळ होतं की आतली कोलंबी गुलाबी दिसते. कळ्या बारीक आणि जवळजवळ हव्यात. चॉपस्टिकने उचलताना पारी फाटली नाही, तर स्वयंपाकी चांगला. पण गार होताच ती चिवट होते आणि टोपलीला चिकटते. म्हणून टोपली आली की आधी खा, फोटो आणि गप्पा नंतर. हार गाऊसोबत सिउ माय (डुकराचं मांस आणि कोलंबी) आणि च्योंग फान घ्या. च्योंग फान म्हणजे तांदळाच्या पातळ, मऊ घावनाची गुंडाळी, वर गोडसर सोया सॉस.

दुसरी फेरी जड चवींची: चा सिउ बाऊ (आत भाजलेलं गोडसर डुकराचं मांस घातलेला वाफवलेला पाव), काळ्या सोयाबीनमधल्या डुकराच्या बरगड्या, मुळ्याच्या परतलेल्या वड्या म्हणजे लो पाक को. बाऊ टोपलीत तीन असतात, तुम्ही चौघं असाल तर वेटरकडे कात्री मागा आणि वाटून खा. खालचा कागद सोलायला विसरू नका. कोंबडीचे पाय, म्हणजे फोंग जाऊ, एकदा तरी मागवाच. ते तळून, भिजवून, मसाल्यात शिजवून परत वाफवलेले असतात, म्हणून कातडी तोंडात विरघळते. एक बोट तोंडात घ्या, जिभेने हाड सोडवा आणि बशीत ठेवा. इथे त्यात कुणालाच काही वाटत नाही. शेवटच्या फेरीत कमळाच्या पानातला चिकट भात, लो माय काय. पान खायचं नाही, पण उघडताना येणारा वास सगळ्यांना मिळू द्या, कारण अर्धी मजा त्यातच आहे. मग मा लाय को हा मऊ वाफवलेला केक, किंवा तान तात, म्हणजे अंड्याचे छोटे टार्ट.

टेबलावर वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक असतील तर त्यांनीच घ्या. समोरच्या टोपलीतला शेवटचा नग आधी दुसऱ्याला विचारून मगच उचला. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. ते मृतांसमोर लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं आणि वडीलधाऱ्यांना अगदी लागतं.

शाकाहारी मंडळींनी जास्त सावध राहावं. माझ्या डोंबिवलीच्या मावशींना मी बजावून सांगते की नावात मुळा असला तरी लो पाक कोमध्ये सुकी कोलंबी आणि डुकराचं सॉसेज असतं, तळलेल्या अरवीच्या वड्यांत मांस असतं आणि गोड पदार्थांतही डुकराची चरबी असू शकते. नेहमीच्या हॉटेलात मश्रूमची वाफवलेली पुडी किंवा साधा च्योंग फान मिळतो, पण आत काय आहे ते दरवेळी विचारा. निश्चिंत खायचं असेल तर डायमंड हिलच्या नान लियान बागेतलं ची लिन हे पूर्ण शाकाहारी हॉटेल आहे. आम्ही मावशींना तिथेच नेतो.

बिलासाठी ‘माय तान’ म्हणायचं. इथे बिलावरून खरीखुरी ओढाताण होते, आणि वयाने मोठा माणूस सहसा जिंकतो. तुम्हाला खरंच पैसे द्यायचे असतील, तर जेवण संपायच्या आधी हात धुवायच्या निमित्ताने उठा आणि काउंटरवर चुकते करून या.